म्हसोबाखालची रंगू

नाथाजी सुभेदारांना एखादी गोष्ट ठाऊक नाही, असं उतारवाडीत कधी झालं नव्हतं. सव्वीस वर्षं फौजेत काढून आलेला माणूस. विहिरीची मोटर पाणी का ओढत नाही, पोराला भरतीला कधी पाठवायचं, भावाभावांच्या बांधावरचा दगड मुळात कुठं होता, काहीही विचारा, उत्तर तयार. एकाहत्तरी गाठली तरी पाठ ताठ. ‘असंल’, ‘बघू’ हे शब्द त्यांच्या तोंडी नव्हतेच. त्या माणसावर गेल्या हंगामात अशी पाळी आली, की सून चहात साखर घालू का म्हणाली तरी ते तिच्या तोंडाकडं बघत बसायचे.

उतारवाडी उंब्रजपासून आठ-नऊ किलोमीटर आत, नदीच्या कडेला. चाळीस-पंचेचाळीस उंबरे. पूल व्हायच्या आधी इथं नदीला उतार होता, माणसं गुडघाभर पाण्यातनं पलीकडं जायची, म्हणून हे नाव. मग इंग्रजाच्या वेळी पूल झाला. पाच कमानींचा, काळ्या दगडाचा, चुन्यात बांधलेला. महापुरात दोन वेळा पाणी कठड्यावरनं गेलं, पण एक दगड हलला नाही, हे वाडीतलं शेंबडं पोरसुद्धा पाहुण्याला ऐकवायचं.

पुलाच्या मधोमध, तिसऱ्या कमानीवर, कठड्यात एक दगड होता. शेंदरानं इतका माखलेला, की मूळचा आकार कुणी पाहिलेला नव्हता. तो पुलाचा म्हसोबा. हंगामाची पहिली उसाची गाडी पुलावरनं जायच्या आधी त्याच्यापुढं नारळ फुटायचा, आणि तो मान नाथाजींच्या घराचा. का, तर त्यांचे पणजोबा धोंडजी. पूल बांधताना तिसरा खांब उभाच राहीना. दोनदा बांधला, दोनदा नदीनं नेला. मग धोंडजींच्या स्वप्नात म्हसोबा आला, मला पुलात जागा दे म्हणाला. धोंडजींनी दगड बसवला आणि खांब उभा राहिला. ही हकीकत नाथाजींनी बापाकडनं ऐकली होती, बापानं त्याच्या बापाकडनं.

तर दिवाळी झाली आणि वाडीत कागद आला. दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्यात जुना पूल पडून माणसं गेली होती, त्यामुळं सगळ्या जुन्या पुलांची तपासणी निघाली. उसाच्या भरल्या ट्रॉल्या बंद. मोठी गाडी असेल तर चौदा किलोमीटरचा वळसा. तपासणीला जी माणसं आली त्यांच्यात वाडीचाच एक होता. बुद्धभूषण, बनाबाईचा नातू. कराडला इंजिनियर झाला आणि मलकापुरात भाड्यानं राहून एका खासगी कंपनीत पुलांचीच कामं करायचा. चार दिवस तो दोराला लटकून कमानीखाली हातोडीनं ठोकत होता. पाचव्या दिवशी टोपी काढून नाथाजींच्या दारात आला.

“तात्या, पूल चांगला हाय. पर तिसऱ्या कमानीवर फट गेलीय, ती बरोबर म्हसोबाच्या मागनं. दगड काढून आत सिमेंट दाबावं लागंल. तुमचा मान हाय, म्हणून इचारायला आलो.”

“न्हाई काढला तर?”

“तर काय सांगता येत न्हाई.”

नाथाजींनी फार विचार केला नाही. त्या वेळी त्यांना विचार करावा लागत नव्हता. “काढा. पूलच ऱ्हायला न्हाई तर देव बसंल कुठं? पर मी उबा ऱ्हानार.”

दगड काढला त्या सकाळी निम्मी वाडी पुलावर जमली होती. नाथाजींनी हात जोडून म्हसोबाची माफी मागितली. दोन गड्यांनी पहार लावली. दगड जागचा सुटला, आणि सुटतासुटता शेंदराचं कवच वरपासून खालपर्यंत तडकलं. वीतभर जाडीचा तो लाल थर अख्खा निखळून पायाशी पडला. बायकांनी पदर तोंडाला लावले. देवानं कवच टाकलं तर शुभ की अशुभ, यावर कुजबुज सुरू झाली. नाथाजी सांगणारच होते, की कवच आपणहून गळलं तर शुभच असतं. पण त्यांचं लक्ष दगडाकडं गेलं आणि वाक्य तिथंच राहिलं.

दगडावर ना डोळे होते, ना नाक. चांगला तासलेला, चौकोनी, सपाट दगड. आणि त्यावर अक्षरं.

अक्षरं मोडी होती. वाडीत मोडी कुणाला येणार? बुद्धभूषणनं फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी कराडहून एका निवृत्त गुरुजींना मोटारसायकलवर मागं बसवून आणलं. गुरुजी दगडापुढं मांडी घालून बसले. खडूची पूड चोळली, पाणी मारलं, भिंगातनं पाहिलं, परत पुसलं. तासाभरानं चष्मा काढून म्हणाले, “एवढं नक्की, हा देव नाही. बाईचं नाव आहे. ‘रंगू कोम धोंडी’. कोम म्हणजे बायको. धोंडीची बायको रंगू. आणि पुढं...”

“पुढं काय?” नाथाजींचा आवाज चढला.

“पुढं दोनच शब्द आहेत. ‘पुलास’ हा स्पष्ट. दुसऱ्यात एक अक्षर झिजलंय. ते ह असेल तर ‘पुलास राहिली’. ख असेल तर ‘पुलास राखिली’.”

“मंजी?”

“राहिली म्हणजे राहिली. इथं कामाला राहिली असेल, नाहीतर कामावर मेली असेल. राखिली म्हणजे...” गुरुजी अडखळले. “राखण केली, सांभाळली असाही अर्थ होईल. नाहीतर पुलासाठी ठेवली. तुम्ही ऐकलं असेल, जुन्या काळी खांब उभा राहीना झाला की काय करायचे म्हणतात. तसं खरंच कुठं घडलं की नुसत्या गोष्टीच, ते मी सांगू शकत नाही.”

तिसऱ्या खांबाची हकीकत सगळ्यांनाच पाठ होती.

संध्याकाळपर्यंत वाडीत तीन तट पडले. एक म्हणाला, बाई खांबात घातली, म्हणून तर पूल दोन महापुरांत टिकला. दुसरा म्हणाला, असलं काही बोलू नका, वर्तमानपत्रात आलं तर वाडीची अब्रू जाईल. तरण्या पोरांनी ‘रंगूदेवी’ असं नाव ठेवून मंदिराचं चित्रसुद्धा मोबाइलवर फिरवलं. आणि टपरीवर कुणीतरी हसून म्हणालं, “सुबेदारांचा म्हसोबा बाई निघाला की रं.” ते नाथाजींच्या कानावर गेलं. एरवी त्यांनी टपरीवर जाऊन त्याला उभा-आडवा घेतला असता. त्या दिवशी ते गोठ्यामागच्या बाजेवर बसून राहिले.

धोंडी. म्हणजे धोंडजी का? त्यांचे पणजोबा? मग रंगू कोण? पणजीचं नाव तर सखू, तिच्या पोटी तिघं झाले, त्यातल्या मधल्याचा हा वंश. रंगू हे नाव घरात कुणी उच्चारल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

त्यांनी हेळव्याला फोन लावला. हेळवी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची नावं वहीत लिहून ठेवणारा, दोन-तीन वर्षांनी कर्नाटकातनं येणारा माणूस. त्याचा आजा बैलावर बसून यायचा, हा एसटीनं येतो. आठ दिवसांनी आला. ओसरीवर वह्या सोडल्या, देवाचं नाव घेतलं आणि सुरात वाचायला लागला. धोंडजीवर आला आणि थांबला.

“धोंडजीला बायका दोन,” तो म्हणाला.

“दोन?”

“व्हय. थोरली, तिला पोरबाळ न्हाई. धाकटी सखू, तिला तीन ल्योक.”

“थोरलीचं नाव काय?”

हेळव्यानं बोट ओळीवरनं दोनदा फिरवलं. “न्हाई ल्हिलेलं. ज्या बाईला ल्योक न्हाई तिचं नाव आमच्या वहीत येत न्हाई, सुबेदार. पयल्यापासनं तशीच रीत हाय.”

“मेली कवा? कशानं मेली?”

“आवं, नावच न्हाई तर मरण कुठनं असंल?”

हेळवी धान्य-कपडा घेऊन गेला. नाथाजींना रात्रीचं जेवण गेलं नाही. पणजोबांनी मूल होत नाही म्हणून थोरलीला... पुढचा शब्द मनातसुद्धा उमटेना. आणि मग गावाला सांगितलं, स्वप्नात म्हसोबा आला? पण तसं असतं तर तिचं नाव दगडावर कोण कोरील? ज्यानं केलं तोच? लपवायचं होतं तर कोरलं कशाला, आणि कोरलं तर शेंदूर कशाला फासला? एकेक सूत धरावं तर दुसरं गुंतायचं. फौजेत नकाशा चुकला की ते ठरलेल्या खुणेवर परत यायचे आणि तिथनं पुन्हा निघायचे. इथं परत येण्यासारखी खूणच उरली नव्हती.

आणि वाडीत दुसरा एक धोंडी होता, हे त्यांना माहीत होतं. म्हणजे नाव. बनाबाईचा नवरा धोंडीबा. त्याला आजाचं नाव ठेवलेलं, आणि त्या आजाला त्याच्या आजाचं. त्यांच्या घरात एक पिढी आड धोंडीच. मग दगडावरचा धोंडी त्यांचा असला तर? पुलाच्या कामाला दगडाच्या पाट्या वाहायला त्यांच्याच आळीतली माणसं होती, हे तर म्हातारी माणसं सहज बोलून जायची.

पण तिथवर आलं की नाथाजींना दुसरंच काही आठवायचं. ते नऊ वर्षांचे होते आणि धोंडीबा दहाचा. पुलावर विटीदांडू चालला होता. नाथाजींनी टोला हाणला, विटी म्हसोबाच्या दगडामागं अडकली. “जा, आण,” ते म्हणाले. धोंडीबानं दगडावर हात टेकून वाकून विटी काढली. नेमके तेव्हाच नाथाजींचे वडील शेतातनं येत होते. त्यांनी धोंडीबाला कठड्याशी धरून मारला. देव बाटवला म्हणून. आजूबाजूला पोरं उभी होती. नाथाजीही उभे होते. मीच त्याला पाठवला, एवढं एक वाक्य होतं, ते त्यांच्या तोंडून निघालं नाही. पुढं धोंडीबा एसटीत ड्रायव्हर झाला, नाथाजी फौजेत गेले. भेटले की हसायचे, एकमेकांच्या घरच्या लग्नांना गेले, धोंडीबाच्या मयतालाही नाथाजी गेले. ते वाक्य मात्र राहूनच गेलं.

दोन-चार दिवस असेच गेले. मग एका दुपारी ते उठले आणि बनाबाईच्या घरी गेले. बनाबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. सत्तरीची, ऐकायला थोडी कमी, नजर तिखट.

“या तात्या. बसा. तुमी येनार म्हनून बुद्धा म्हनला हुता.”

“त्याला काय ठावं?”

“तुमी चार दिस झालं पुलावर येताय आन् आमच्या घराकडं बघून माघारी जाताय, ते सगळ्या वाडीला ठावं हाय.”

नाथाजी बसले. तिनं नातीला, दीक्षाला, चहा टाकायला सांगितला. काय विचारायचं ते त्यांनी वाटेत ठरवलं होतं, पण आता सगळंच विसरलं. शेवटी म्हणाले, “तुमच्यात कुणी रंगू हुती का?”

बनाबाईनं सुपातल्या शेंगा बाजूला केल्या. “सासू जात्यावर एक ओवी म्हनायची,” ती म्हणाली, आणि बसल्या आवाजात, जवळजवळ बोलल्यासारखीच म्हणाली:

“पाची गेल्या पाटीवर गं, पाची सख्या सया,
चौगी आल्या माघारी, एक पुलाला ऱ्हायली बया.”

नाथाजी पुढं सरकले. “मंजी राहिली! ह! तीच की ही. तुमचीच.”

“थांबा की. ओवीत नाव कुठं हाय?”

“पर पूल...”

“सासूचं म्हायेर कडेगावाकडचं. ही ओवी तिनं तिकडनं आनली का हितं शिकली, कुनास ठावं. तिकडं पूल न्हाईत व्हय? मी कवा इचारलं न्हाई. जात्यावर बसल्यावर कोन इचारतं?”

दीक्षानं चहा आणला. कप हातात धरून, चहाकडं बघतच, विटीची गोष्ट नाथाजींनी सांगितली. सगळी. कुणी टोला मारला, कुणी पाठवलं, कोण गप्प राहिलं.

संपल्यावर बनाबाई म्हणाली, “मार खाल्लेला मला त्येंनी सांगितलं हुतं. पर तुमी पाठवलं ते न्हाई सांगितलं.”

“का न्हाई सांगितलं?”

“आता काय सांगू? इसरलं असत्याल. न्हाईतर तुमच्यावर राग नसंल. न्हाईतर लय असंल.” तिनं एक शेंग उचलली आणि तशीच ठेवली. “येक सांगते. इसेक वर्सं गाडी त्याच पुलावरनं न्हेली त्येंनी. त्या दगडापाशी आलं की हारन वाजवायचे. म्होरं कोन असू दे, नसू दे. मी गाडीत बसले की मला हसू यायचं.”

“कशाला वाजवायचा?”

“मीबी तेच म्हनते. रागानं का मानानं, आता कोन सांगनार.”

नाथाजी घरी परतले ते गेले होते त्याहून जास्त गुंतून. एक मात्र झालं होतं. छातीत काहीतरी सैल पडल्यासारखं वाटत होतं, आणि त्याचीच त्यांना लाज वाटत होती. सांगून आपण हलकं व्हायचं आणि धोंडीबा तर ऐकायलाच नाही, हा कुठला न्याय?

पौष संपता संपता पुलाचं काम उरकलं. फट भरली गेली. छोट्या गाड्यांना परवानगी मिळाली, भरल्या ट्रॉल्यांना नाहीच. उरला तो दगड. तो जागेवर बसवायचा म्हणून सगळी वाडी पुन्हा पुलावर जमली, आणि जमल्याजमल्या भांडायला लागली. एक म्हणे, अक्षरं आत करून बसवा आणि परत शेंदूर लावा, म्हसोबा म्हणजे म्हसोबा. दुसरा म्हणे, सरकारजमा करा. पोरं मंदिराचं म्हणत होती. कुणीतरी म्हणालं, बनाबाईच्या घरचा दगड असेल तर त्यांनाच विचारा की, त्यावर कुणी दुसरा उसळला. बुद्धभूषण मधे उभा राहून दोन्ही हातांनी सगळ्यांना गप्प करत होता. शेवटी सगळी तोंडं, सवयीनं, नाथाजींकडं वळली.

“सुबेदार, तुमी सांगा.”

नाथाजींनी घसा खाकरला. सगळ्यांना वाटलं, आता हुकूम सुटणार.

“मला म्हाईत न्हाई,” ते म्हणाले.

लोक थांबून राहिले. पुढं काही असेल असं त्यांना वाटत होतं.

“खरंच म्हाईत न्हाई, गड्यांनो. ही माझ्या पणजोबाची बायकू असंल. मग तिला त्येंनी काय केलं, ते मला सांगता येत न्हाई. ही बनाबाईच्या घरची असंल. मग तिच्या नावावर शेंदूर फासून आमी तिच्याच माणसाला हितं शिवू दिलं न्हाई. धोंडीबाला माझ्या बानं ह्याच दगडावरनं मारला, आन् त्याला हिकडं मी पाठवला हुता. एवढं मात्र म्हाईत हाय.” ते जरा थांबले. “अक्षरं भाईर करून बसवा. शेंदूर नको. बाकी मला इचारू नका.”

“आन् मान?” मागनं कुणीतरी विचारलं. “नारळ कोन फोडनार?”

“मी न्हाई फोडत,” नाथाजी म्हणाले. त्यांनी बनाबाईकडं बघितलं. ती लगेच म्हणाली, “माझ्याकडं बघू नगा. माझ्या सासऱ्यानं छप्पनला दीक्षा घेतली, तवापासनं आमच्यात दगडाला नारळ न्हाई. बाई असंल तर बाई म्हनून ऱ्हाऊ दे.”

दगड बसला. अक्षरं रस्त्याकडं आली. लोक पांगले, काही समाधानानं, बरेचसे कुरकुरत. नाथाजींचा मोठा भाऊ पुढं महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही, चार पिढ्यांचा मान याच्यापायी गेला म्हणून.

फाल्गुनात बुद्धभूषणला पुण्याहून एक पत्र आलं. त्यानं फोटो तिथल्या एका मोडीच्या जाणकार बाईंना पाठवले होते. पत्र घेऊन तो आधी नाथाजींकडं आला. वाचून दाखवताना त्याचा आवाज बारीक झाला होता. झिजलेलं अक्षर ह की ख, ते ठरवता येत नाही, असं बाईंनी लिहिलं होतं. शिवाय ‘धोंडी’तल्या पहिल्या अक्षराची वरची बाजू उडालेली आहे. तिथं क असण्याची शक्यता आहे. म्हणजे नाव ‘कोंडी’सुद्धा असू शकेल.

“कोंडी?” नाथाजी म्हणाले. “आमच्यात कुणी कोंडी न्हाई.”

“आमच्यातबी न्हाई.”

“वाडीत?”

“आजीला इचारलं. तिनं ऐकलेलं न्हाई.”

सून रेश्मा दारात उभी राहून ऐकत होती, ती म्हणाली, “मग मामा, तुमी पुलावर सगळ्यांम्होरं बोललात त्येचं काय?”

नाथाजी चपला शोधायला लागले. जे बोललो ते रंगूवरनं बोललो होतो की धोंडीबावरनं? दगड कुणाचाही निघाला असता तर बोललो असतो का? आणि दगड निघालाच नसता तर? त्यांनी पायांत चपला सरकवल्या.

“कुठं निघालासा?” रेश्मानं विचारलं.

“बनाबाईकडं.”

“काय सांगायला?”

“ते काय मला ठावं न्हाई,” नाथाजी म्हणाले आणि उन्हातनं चालायला लागले. बुद्धभूषण पत्राची घडी घालत त्यांच्या मागनं निघाला.